सुटून आलेल्या बंद्यांच्या पुनर्वसनासाठी निधी कुठून आणि कसा उभा करावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमधील एक नोंदणीकृत न्यास गेली चार वर्षे कारागृहाच्या महिला विभागात शिवणकामाचा आणि पुरुष बंद्यांसाठी साक्षरतेचा वर्ग चालवतो. आता सुटून बाहेर येणाऱ्यांसाठी काम सुरू करण्याचा विश्वस्तांचा विचार आहे. एक वाहन आणि वीस शिलाई मशिने धरून वर्षाला अठरा लाख रुपये लागतील असा त्यांचा अंदाज असून, बंद्यांच्या पुनर्वसनासाठी अनुदान देणाऱ्या संस्थांची यादी त्यांनी मागितली आहे. न्यासाकडे आयकराच्या १२ए (न्यासाच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करात वजावट) या नोंदण्या आहेत. परदेशी देणगी स्वीकारण्याची नोंदणी नाही.

यादी मागण्यामागची अडचण मला समजते, पण तिचा उपयोग फारसा होणार नाही. ‘बंदी पुनर्वसन’ या नावाने वेगळा निधी राखून ठेवणारे देणगीदार आपल्याकडे जवळजवळ नाहीत. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा (सीएसआर) खर्च ज्या विषयांवर करता येतो ते कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत दिलेले आहेत. त्यात शिक्षण, रोजगारक्षम कौशल्ये, महिला सक्षमीकरण, आरोग्य, मागास घटकांमधील विषमता कमी करणे हे सारे आहे, पण बंदी हा शब्द कुठेही नाही. खासगी न्यासांच्या विषयसूचीतही बहुधा तो सापडत नाही. त्यामुळे या क्षेत्रात टिकलेल्या संस्था एकच गोष्ट करतात: कामाचे भाग पाडतात, प्रत्येक भागासाठी ज्याच्या नियमात तो बसतो असा देणगीदार शोधतात, आणि ज्या भागासाठी कुणाचाच नियम नाही तो भाग सामान्य माणसांच्या देणग्यांवर चालवतात. पुढचे उत्तर या विभागणीबद्दल आहे. हे करताना आपण कोणासाठी काम करतो हे मात्र कधीही लपवू नये. ‘वंचित युवकांसाठी कौशल्य प्रशिक्षण’ असे मोघम लिहून मिळवलेला निधी, प्रशिक्षणार्थी तुरुंगातून आलेले आहेत हे कंपनीच्या भेटीवर आलेल्या अधिकाऱ्याला कळले की दुसऱ्या वर्षी बंद होतो, आणि पाठोपाठ त्या औद्योगिक वसाहतीतली बाकीची दारेही बंद होतात.

प्रस्ताव लिहिण्याआधी आपण नेमके कोणासाठी पैसे मागतो आहोत हे आकड्यांतून पाहून घ्यावे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे ज्याला आपण बोलीत कच्चे कैदी म्हणतो ते होते. चारांतल्या तिघांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. तरीही बहुतेक प्रस्तावांत ‘गुन्हेगारांची सुधारणा’, ‘गुन्हेगारी मानसिकतेतून बाहेर काढणे’ अशी भाषा सर्रास असते. ती चुकीची आहे, आणि निधी मिळवण्याच्या दृष्टीनेही ती अडचणीची ठरते, कारण वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तिच्यामुळे केवळ सराईत गुन्हेगार उभा राहतो. दुसरी बाब महिलांची. एकूण बंद्यांत त्या जेमतेम चार टक्के आहेत, पण या क्षेत्रात येणाऱ्या खासगी पैशाचा मोठा वाटा महिला बंदी आणि त्यांची मुले यांच्याकडे जातो. सहानुभूती जिकडे सहज वळते तिकडे पैसाही वळतो, याबद्दल तक्रार करून उपयोग नाही. मात्र आपण महिला विभागातल्या शिवणवर्गापासून सुरुवात केलेली असल्यामुळे, सोपे पडते म्हणून केवळ महिलांचाच कार्यक्रम आखण्याचा मोह आपल्याला होईल. कारागृहाच्या दारातून रोज बाहेर पडणारा माणूस बहुधा विशी-तिशीतला, कमी शिकलेला, मजुरी करणारा पुरुष असतो. त्याच्यासाठी काय करणार, हे आधी ठरवा.

आता खर्चाकडे वळू. सरकार किंवा एखादी सार्वजनिक संस्था ज्या गोष्टी आधीच पुरवते त्यांच्यासाठी देणगीदाराकडे हात पसरू नये. जाणकार देणगीदार हे पहिल्या वाचनातच पकडतो. कोठडीत असलेल्या प्रत्येकाला विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, तेव्हा अर्थसंकल्पात वकिलाची फी घालू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाशी समन्वय असे लिहा. जामीन मंजूर होऊनही पैशाअभावी आत राहिलेल्यांसाठी केंद्रीय गृह मंत्रालयाची गरीब बंद्यांना साहाय्य देणारी योजना आहे. २०२३ च्या तिच्या मार्गदर्शक सूचनांत न्यायाधीन बंद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत तरतूद केलेली होती आणि निर्णय जिल्हा पातळीवरच्या समितीकडे दिलेला होता. आई किंवा वडील तुरुंगात असलेल्या मुलांना राज्याच्या बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. मुक्त झालेल्या बंद्यांना छोट्या व्यवसायासाठी साहाय्यक अनुदान देणारी योजना महिला व बाल विकास विभागाकडे आहे आणि तिची चौकशी जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्यांकडे (प्रोबेशन ऑफिसर) करता येते. शिक्षणासाठी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, त्याचे मुख्यालय तर आपल्याच शहरात आहे. शिक्षा भोगत असलेल्या बंद्याच्या घरची नड भागावी म्हणून महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने २०२२ मध्ये येरवड्यातून ‘जिव्हाळा’ ही कर्जयोजना सुरू केली, तीत ५०,००० रुपयांपर्यंत ७ टक्के व्याजाने विनातारण कर्जाची सोय ठेवली.

मग संस्थेला पैसे लागतात कशासाठी? या योजना त्या माणसापर्यंत पोचवणाऱ्या कार्यकर्त्यासाठी. सुटकेनंतरचा पहिला आठवडा जवळून पाहिला की हे लक्षात येते. माणूस बहुतेकदा संध्याकाळी सुटतो, कारण न्यायालयाचा आदेश कारागृहात पोचून कागद पुरे होईपर्यंत दिवस संपत आलेला असतो. हातात अटकेच्या वेळी जमा केलेल्या वस्तूंची पिशवी असते. मोबाइलचे सिमकार्ड वर्षभर वापरात नसल्यामुळे बंद झालेले असते आणि तो क्रमांक आता दुसऱ्याच कुणाकडे गेलेला असतो. आधार कार्ड घरी आहे की पोलिसांकडे जप्त आहे हे नक्की नसते. आधारला जोडलेला क्रमांक तोच जुना, त्यामुळे ओटीपी येत नाही, ओटीपी नाही म्हणून बँकेचे बंद पडलेले खाते सुरू होत नाही, आणि खाते नाही म्हणून वर सांगितलेल्या कोणत्याही योजनेचा रुपया त्याच्या हाती पडत नाही. कामावर घेणारा मुकादमही हल्ली पगार खात्यातच टाकतो. ही साखळी सोडवायला आधार केंद्र, बँक, पोलीस ठाणे आणि तहसील इथे खेटे घालणारा, चिडचिड न करणारा एक माणूस लागतो. तोच माणूस पुढे न्यायालयाच्या तारखांची आठवण करून देतो; गैरहजर राहिल्यामुळे वॉरंट निघून पुन्हा आत जाणारे कमी नसतात. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ या प्रकल्पाने १९९० पासून कारागृहांत आणि बाहेर उभे केलेले काम पाहावे. त्याचा कणा प्रशिक्षित समाजकार्यकर्ता हाच आहे. अमरावतीची ‘वऱ्हाड’ ही संस्था बंद्यांच्या कुटुंबांबरोबर काम करते. नवीन संस्थेने प्रस्तावाला बसण्याआधी या दोन्ही ठिकाणी जाऊन यावे.

या दृष्टीने आपला अठरा लाखांचा अंदाज मी असा बदलीन. वाहन काढून टाकावे; पहिल्या वर्षी ते कुणी देणार नाही आणि त्याची गरजही नाही. दोन कार्यकर्ते, प्रत्येकी २५,००० रुपये मानधन, म्हणजे वर्षाला ६,००,०००. अर्धवेळ हिशेबनीस महिना ८,०००, म्हणजे ९६,०००. प्रवास महिना ६,०००, म्हणजे ७२,०००. चाळीस जणांसाठी सरासरी ६,००० रुपयांचा तातडीचा निधी, ज्यात एसटीचे भाडे, कपडे, औषधे, पहिल्या महिन्याचा किराणा असे खर्च येतात, तो २,४०,०००. ज्यांना घर परत घेत नाही अशांसाठी चार खाटांची भाड्याची खोली महिना १२,०००, म्हणजे १,४४,०००. पंधरा जणांना प्रशिक्षण किंवा अवजारे, प्रत्येकी १५,०००, म्हणजे २,२५,०००. लेखापरीक्षण आणि कार्यालय १,००,०००. एकूण १४,७७,०००. आकडे आपल्या भागातील दरांप्रमाणे बदला, पण खर्चाची ही मांडणी जपा, कारण आता कोणता भाग कुणाकडे मागायचा हे सरळ दिसते.

अवजारे आणि प्रशिक्षणाचे सव्वादोन लाख, आणि प्रयत्न केल्यास खोलीचे भाडे, कंपन्यांकडे मागावे. ज्या कंपनीची निव्वळ मत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा अधिक आहे तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. बहुतेक संस्था मोठ्या नावांच्या मागे मुंबईला धावतात आणि महिनोन्महिने उत्तराची वाट पाहतात. त्यापेक्षा सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या वसाहतींतल्या मध्यम कंपन्यांकडे जा. ज्या कंपनीचे वार्षिक दायित्व ५० लाखांपेक्षा जास्त नाही तिला वेगळी सीएसआर समिती नेमावी लागत नाही, ते काम संचालक मंडळच करते. म्हणजे निर्णय घेणारी माणसे दोन-तीन असतात आणि ती नाशिकमध्येच राहतात. शिवाय कंपनीने आपल्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यावे असे कायदाच सांगतो. निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटनांमधून अशा मंडळींपर्यंत पोचता येते.

कागदांची तयारी आधी करावी. कंपनीकडून निधी घेणाऱ्या न्यासाला १२ए व ८०जी नोंदणी, त्याच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ हा अर्ज भरून मिळणारा क्रमांक लागतो. १ एप्रिल २०२१ पासून तो अनिवार्य आहे आणि आपल्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले असले तरी कंपन्यांचे लेखापाल अजून जुन्याच नावांनी कागद मागतात, त्यामुळे गोंधळून जाऊ नये. धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्तबदलाचे अर्ज प्रलंबित असतील तर ते आत्ताच मार्गी लावा. विश्वस्तांची यादी आणि परिशिष्ट एकवरची, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदीवरची, नावे जुळत नाहीत एवढ्यावरून मंजूर झालेले धनादेश अडकतात. आणखी एक तांत्रिक मुद्दा असा की सीएसआरच्या पैशातून घेतलेली भांडवली वस्तू कोणाच्या मालकीची राहील यावर नियमांचे बंधन आहे: सीएसआर क्रमांक असलेला धर्मादाय न्यास, लाभार्थींचा बचत गट किंवा तत्सम समूह, अथवा सार्वजनिक प्राधिकरण. त्यामुळे आपल्या मूळ अंदाजातली वीस मशिने वीस जणींच्या नावे वाटायची असतील तर ते नियमात बसणार नाही; मशिने न्यासाच्या मालकीची ठेवून वापरायला द्यावीत किंवा गट नोंदवावा. प्रस्तावात विषय लिहिताना सातव्या अनुसूचीतील दुसरी नोंद, म्हणजे रोजगारक्षम व्यावसायिक कौशल्ये आणि उपजीविका, यांचा नावानिशी उल्लेख करावा, म्हणजे कंपनीच्या चिटणीसाला शोधाशोध करावी लागत नाही.

संचालकासमोर बसल्यावर दोन प्रश्न हमखास येतात. पहिला: ‘यांचे गुन्हे कोणते?’ दुसरा: ‘आम्ही पैसे दिले आणि त्याने पुन्हा काही केले तर आमचे नाव येईल ना?’ पहिल्या प्रश्नाला कोणत्याही एका व्यक्तीच्या गुन्ह्याची माहिती देऊ नका. संस्था कोणत्या प्रकरणांतल्या व्यक्तींबरोबर काम करते आणि कोणत्या प्रकरणांसाठी तिच्याकडे अजून क्षमता नाही, हे लेखी धोरण दाखवा. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांबाबत हे धोरण नसेल तर बैठक तिथेच संपते, आणि माझ्या मते ती संपायलाच हवी. दुसऱ्या प्रश्नाला ‘तसे होणार नाही’ असे उत्तर कधीही देऊ नये. काही जण पुन्हा अडकतील, तेव्हा संस्था काय करते आणि कंपनीचे नाव कुठे वापरले जाते व कुठे नाही, हे सांगावे. व्यवसायातला माणूस जोखीम समजतो; हमी देणाऱ्याचा त्याला संशय येतो. त्याच बैठकीत निधीबरोबर दोन नोकऱ्या मागाव्यात. पैसे मिळतात, नोकऱ्या क्वचित मिळतात, पण मागितल्यामुळे संवाद दानाच्या पलीकडे जातो.

वेळेचेही भान ठेवा. कंपन्यांचा वार्षिक कृती आराखडा आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला ठरतो, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीत बोलणी झालेली बरी. मार्चमध्ये अचानक फोन करून ‘आठ दिवसांत तीन लाख खर्च करता येतील का’ असे विचारणारेही भेटतात. अशा वेळी मशिने, संगणक यांसारखी खरोखर हवी असलेली वस्तू असेल तरच होकार द्यावा. मोठ्या कंपनीशी जमले तर ‘चालू प्रकल्प’ म्हणून मांडणी करावी, कारण तसा प्रकल्प सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत चालू शकतो आणि न खर्चलेली रक्कम त्याच प्रकल्पासाठी राखता येते.

कार्यकर्त्यांचे मानधन मात्र कंपन्या सहसा देत नाहीत. ‘आमचा पैसा थेट लाभार्थींना जावा’ हा त्यांचा आग्रह असतो, आणि या क्षेत्रात लाभ म्हणजेच कार्यकर्ता हे पटवणे अवघड जाते. त्यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला, संस्थात्मक दात्यांचा. टाटा ट्रस्ट्सनी न्यायव्यवस्थेच्या विषयात बराच काळ रस घेतला आहे. राज्यांच्या पोलीस, कारागृह, न्यायालय आणि विधी साहाय्य यांची तुलना करणारा ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट’ त्यांच्याच पुढाकाराने २०१९ पासून सुरू झाला. अझीम प्रेमजी फाउंडेशन समाजातील असुरक्षित घटकांसोबत काम करणाऱ्या संस्थांना अनुदान देते. रोहिणी निलेकणी फिलान्थ्रपीज न्यायाची उपलब्धता आणि तरुण पुरुष व मुलगे या दोन्ही विषयांत काम करते; बहुसंख्य बंदी तरुण पुरुष आहेत हे लक्षात घेतल्यास हा दुसरा विषय आपल्याला अधिक जवळचा आहे. समुपदेशन हा कार्यक्रमाचा खरा भाग असेल, केवळ प्रस्तावातला शब्द नसेल, तर उपेक्षित समूहांच्या मानसिक आरोग्यासाठी निधी देणाऱ्या मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हचा विचार करता येईल. या ठिकाणी चाळीस पानी प्रस्ताव पाठवून काही होत नाही. आधी दोन पानांचे टिपण पाठवावे: जिल्ह्यात दरमहा साधारण किती जण सुटतात, त्यांतले किती आपल्यापर्यंत येतात, कार्यकर्ता काय करतो, वर्षाअखेर काय दिसेल. पहिला भाग लिहिण्यासाठी कारागृह अधीक्षकांशी लेखी संपर्क हवा, आणि इथेच नव्या संस्था अडखळतात. कारागृह व सुधारसेवा विभागाची परवानगी, तिची मुदत आणि तिच्यातल्या अटी यांची प्रत टिपणाला जोडलेली असली की आपण इतर अर्जदारांच्या पुष्कळ पुढे असता. परवानगी टिकावी म्हणून कारागृहाला वॉटर कूलर आणि दूरदर्शन संच देण्यात संस्थेचा निधी जाऊ लागतो, याकडे मात्र लक्ष असू द्या. ते गैर नाही, पण त्याला पुनर्वसन म्हणू नये आणि त्या नावाखाली खर्चही दाखवू नये.

दुसरा मार्ग व्यक्तींचा, आणि माझा कल स्पष्टपणे याच मार्गाकडे आहे. महिना पाचशे रुपये देणारी शंभर माणसे म्हणजे वर्षाला सहा लाख, म्हणजेच दोन कार्यकर्त्यांचे पूर्ण मानधन, आणि त्यावर कुणाचीही अट नाही. शंभर माणसे जमवायला वर्ष-दीड वर्ष लागते, पण एकदा जमली की बरीचशी टिकतात. मराठी समाजात यासाठी तयार व्यासपीठे आहेत. पितृपंधरवड्यात पुण्यात भरणाऱ्या ‘देणे समाजाचे’ या प्रदर्शनात वेगवेगळ्या संस्था आपले काम मांडतात आणि पितरांच्या नावाने दान करू इच्छिणारे लोक तिथे थेट बोलून देणगी देतात. गणेशोत्सवात ‘लोकसत्ता’ ‘सर्वकार्येषु सर्वदा’ या उपक्रमातून दरवर्षी निवडक संस्थांची ओळख करून देतो आणि वाचक त्यांना धनादेश पाठवतात. नाशिकरोड कारागृहात बंद्यांनी घडवलेल्या गणेशमूर्ती विकत घेणारी कुटुंबे तर आपल्या शहरातच आहेत. बंद्याच्या हातच्या मूर्तीची घरात प्रतिष्ठापना करणाऱ्याला या कामाचे महत्त्व पहिल्यापासून समजावून सांगावे लागत नाही. कारागृहाच्या परवानगीने विक्रीच्या ठिकाणी एक माहितीपत्रक ठेवता आले तर शंभरांतले पहिले वीस तिथेच मिळतील. रोटरी मंडळे आणि सहकारी बँका यांचाही उपयोग होतो, पण एकरकमी देणगीसाठी. मानधन त्यांच्यावर अवलंबून ठेवू नये.

व्यक्तिगत देणगीदारांना करसवलतीचे आमिष फार दाखवू नका. नवी करप्रणाली स्वीकारलेल्यांना ८०जीची वजावट मिळतच नाही आणि आता नोकरदारांतले पुष्कळजण त्याच प्रणालीत आहेत. ज्यांना ती हवी असते त्यांच्यासाठी देणगीचे विवरण दरवर्षी ३१ मेपर्यंत आयकर विभागाकडे भरून प्रमाणपत्र वेळेवर पाठवावे. यात चालढकल झाली की देणगीदार पुढच्या वर्षी येत नाही, आणि कारणही सांगत नाही.

परदेशी निधीबद्दल आपण विचारले नाही, पण कुणीतरी अमेरिकेतला नातेवाईक सुचवीलच. परदेशी देणगी विनियमन कायद्याखालील नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी हवी आणि तिने तीन वर्षांत मुख्य कामावर १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा आधी भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा होतो, प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे, आणि एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी दुसरीकडे वळती करता येत नाही. त्यामुळे ‘आमच्या नोंदणीवर घ्या आणि आम्हाला द्या’ ही जुनी सोय बेकायदेशीर आहे, कितीही ओळखीची संस्था असली तरी. अमेरिकेतील महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या संस्थांचा विचार नोंदणी झाल्यावरच करावा. मात्र परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने पाठवलेला पैसा कायद्याने परदेशी देणगी धरला जात नाही. दुबईत भारतीय पारपत्रावर काम करणारा नाशिककर आज आपल्याला देणगी देऊ शकतो. न्यू जर्सीत नागरिकत्व घेतलेला त्याचा सख्खा भाऊ देऊ शकत नाही, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना मिळणारे) असले तरीही. पावतीसोबत पारपत्राची प्रत ठेवा. तसेच नाशिकमधल्या परदेशी मालकीच्या कंपनीचा सीएसआर निधी घ्यायला घाबरण्याचे कारण उरलेले नाही. तिची परदेशी भागीदारी त्या क्षेत्रासाठी ठरवलेल्या गुंतवणूक मर्यादेत असेल तर २०१६ च्या दुरुस्तीपासून ती परदेशी स्रोत ठरत नाही. कंपनीकडून तसे लेखी घ्यावे.

निधी मिळाल्यावरचा अहवाल हा पुढच्या निधीचा अर्ज असतो, म्हणून काय मोजायचे ते पहिल्याच दिवशी ठरवा. ‘पुन्हा गुन्हा न करणाऱ्यांचे प्रमाण’ हे मोजण्याचे वचन देऊ नका. छोट्या संस्थेला ते तपासण्याचे साधन नसते, आणि एखाद्यावर खोटा गुन्हा दाखल झाला तरी तो आपल्या अपयशात मोजला जातो. सुटकेनंतर तीन महिन्यांनी आणि एक वर्षाने पाच गोष्टी पाहाव्यात: ओळखपत्र आणि चालू बँक खाते आहे का, राहायला जागा आहे का, महिन्यात किती दिवस काम मिळते, न्यायालयाच्या तारखांना हजेरी आहे का, घरच्यांशी संबंध आहे का. चाळीसांतले सात जण संपर्कातून सुटले असतील तर सात असेच लिहावे. छायाचित्रांबाबत आधीच करार करून घ्यावा. धनादेश देताना लाभार्थींसोबत फोटो ही कंपन्यांची सवय असते, पण शेजारच्या गावात कामाला लागलेल्या माणसाचा ‘मुक्त बंदी’ अशा ओळीखालचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरला की त्याची नोकरी जाते. हातांचे, मशिनचे, वर्गाच्या फळ्याचे फोटो द्यावेत. चेहऱ्याचा हट्ट धरणाऱ्या दात्याला नकार द्यावा.

आणखीही काही पैसे नाकारायचे असतात. ज्याचा खटला चालू आहे अशा सधन बंद्याचे कुटुंब संस्थेला मोठी देणगी देऊ करते; ती घेतली की आतल्या प्रत्येक बंद्याच्या आणि अधिकाऱ्याच्या दृष्टीने संस्था त्या माणसाची होते. स्थानिक राजकीय मंडळींची देणगी निवडणुकीच्या वर्षात घेऊ नये. आणि सीएसआर मिळवून देतो, मंजूर रकमेच्या दहा टक्के द्या, असे म्हणणारे मध्यस्थ आपला सीएसआर क्रमांक निघाल्यावर थोड्याच दिवसांत फोन करतील. त्यांची रक्कम रोखीत मागितलेली असते, पावती मिळत नाही, आणि लेखापरीक्षणात तो खर्च कुठल्याही शीर्षाखाली बसत नाही. विश्वस्तांची सही मात्र ताळेबंदावर असते.

सध्या आपल्या हातात परवानगी, चार वर्षांचा अनुभव आणि ८०जी एवढे आहे. सीएसआर-१ चा अर्ज सनदी लेखापालाकडून या महिन्यात भरून घ्या, परिविक्षा अधिकारी आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांची भेट घ्या, आणि शिवणवर्गातून आजवर सुटून गेलेल्या महिलांपैकी किती जणींचा पत्ता संस्थेकडे आहे ते मोजा. ज्या सापडतील त्यांना भेटून वरील पाच गोष्टी विचाराव्यात. दोन पानी टिपणाची पहिली ओळ तिथूनच लिहिता येईल.